फोन उपडा ठेवला तरी रडीचा डाव तो रडीचाच

प्रश्न : ताई नमस्कार, मी चिंचवडला राहतो, वय २९, शिफ्टची नोकरी. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन चेसचा नाद लागला तो सुटलाच नाही, रोज रात्री जेवणानंतर दहा-दहा मिनिटांचे चार-पाच डाव होतात, रेटिंग (खेळाची पातळी दाखवणारा आकडा) ११८० च्या आसपास. तीन महिन्यांपूर्वी एक डाव मी पूर्ण जिंकत आणला होता, पुढच्या चालीला मात, आणि समोरच्याने खेळणंच बंद केलं. त्याच्या घड्याळात सहा मिनिटं चाळीस सेकंद, माझ्या एक मिनिट. मी बघत बसलो, मग आईने हाक मारली म्हणून उठलो, परत येऊन बघतो तर त्याने मध्येच कधीतरी चाल केलेली आणि माझं एक मिनिट संपलेलं. हरलो. तेव्हापासून मीपण तेच करतो. हरायला आलं की फोन उपडा ठेवतो. जिंकत असलो की लगेच मात करत नाही, प्यादी पुढे नेऊन चार-चार वजीर करतो, चॅटमध्ये नाही नाही ते बोलतो. दोनदा त्या नादात स्टेलमेट झालंय, म्हणजे समोरच्या राजाला शह नाही आणि चालही उरली नाही, डाव बरोबरीत. गणपतीत सोसायटीची ऑनलाइन टूर्नामेंट होती, त्यात बी विंगमधल्या काकांनी, वय ६८, वजीर फुकट देऊन मला सात चालींत मात केली. मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की काका इंजिन लावून, म्हणजे कॉम्प्युटरला चाली विचारून खेळतात, ॲक्युरसी (चाली किती अचूक होत्या त्याचा आकडा) बघा. काका काही बोलले नाहीत, ग्रुप सोडून गेले. आणि परवा माझी दहा वर्षांची भाची, तिला चेस मीच शिकवलंय, हरायला आली तशी तिने फोन उशीखाली सरकवला आणि म्हणाली, मामा, जाऊ दे त्याचा टाइम. मला काही सुचेना. काकांशी कसं बोलू? आणि समोरचे असेच वागणार असतील तर मी एकट्याने सरळ खेळून काय उपयोग? काकांचा डाव सोबत पाठवतोय.

उत्तर : अरे, तुझं पत्र परवा रात्री वाचलं आणि बाबांचा जुना लाकडी पट माळ्यावरून काढून काकांचा डाव त्यावर लावला. पाचव्या चालीला मी थांबले, कारण तो डाव मी ओळखते.

बघ काय झालंय. काकांकडे पांढरी. दोघांची राजापुढची प्यादी दोन-दोन घरं पुढे, त्यांनी घोडा काढला, तू वजिरापुढचं प्यादं एक घर सरकवून आधार दिलास. त्यांनी उंट काढला, तू तुझा उंट नेऊन त्यांच्या घोड्यावर रोखलास, म्हणजे घोडा हलला की मागचा वजीर गेला. त्यांनी दुसरा घोडा काढला, तू राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर ढकललंस, आणि तिथे काकांनी तोच बांधलेला घोडा उचलून तुझं मधलं प्यादं मारलं. वजीर उघडा. तू उंटाने वजीर मारलास, पहिल्यांदा बघणारा कोणीही मारेल. मग त्यांच्या उंटाचा तुझ्या राजाशेजारच्या एफ-७ या घरावर शह, तुझ्या राजाला जायला एकच घर उरलेलं, ई-७, आणि दुसरा घोडा डी-५ ला येऊन बसला. मात. दोन घोडे आणि एक उंट, तीन मोहऱ्यांनी तुझा राजा मधोमध कोंडला आणि त्यांचा वजीर तुझ्या पोटात.

याला लेगालची मात म्हणतात. लेगाल हा अठराव्या शतकातला पॅरिसचा खेळाडू, त्या काळचा मोठा फिलिडोर त्याच्याकडेच शिकला. म्हणजे कॉम्प्युटर जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून लोक हा वजीर देतायत आणि समोरचे तो मारतायत. काकांचं वय ६८ म्हणजे १९७२ ला फिशर-स्पास्की ही वर्ल्ड चॅम्पियनशिपची मॅच गाजली तेव्हा ते शाळेच्या शेवटच्या वर्षांत असणार, त्या मॅचनंतर किती पोरांनी पट हातात घेतला. आपल्याकडे तर सांगलीसारखं गाव आहे, भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथे पिढ्याच्या पिढ्या बुद्धिबळाला लावल्या, भाग्यश्री साठे-ठिपसे तिथलीच, स्वाती घाटे तिथलीच. काका कुठे शिकले मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही, आणि तू विचारलंही नाहीस हेच मला सगळ्यात जास्त लागलं. ज्या माणसाला ही मात येते तो तुला एका संध्याकाळी अशा दहा गोष्टी शिकवून गेला असता.

आणि ॲक्युरसीचं म्हणशील तर सात चालींच्या डावात तो आकडा वर जाणारच रे. पहिल्या तीन-चार चाली सगळे त्याच खेळतात आणि शेवटच्या दोन पाठ असतात, मग चुकायला जागाच कुठे उरते. तू वजीर न मारता तो घोडा मारला असतास तर त्यांनी वजिराने तुझा उंट घेतला असता, तुझं एक प्यादं कमी झालं असतं आणि डाव पुढे चालू राहिला असता, मग कोण किती पाण्यात ते कळलं असतं. एका डावाच्या ॲक्युरसीवरून कोणाला चोर ठरवता येत नाही, तज्ज्ञांनासुद्धा नाही. ते लोक पुष्कळ डाव बघतात, प्रत्येक चालीला किती वेळ घेतला ते बघतात, सोप्या चालीला आणि अवघड चालीला सारखाच वेळ लागतोय का बघतात, मग बोलतात.

चीटिंग होतच नाही असं मी म्हणत नाहीये. जून २०२१ मध्ये कोविडच्या मदतीसाठी विश्वनाथन आनंद एकाच वेळी बऱ्याच सेलिब्रिटींशी ऑनलाइन खेळला होता, त्यात झेरोधा कंपनीवाल्या निखिल कामतने त्याला हरवलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच कबूल केलं की लोकांची आणि कॉम्प्युटरची मदत घेतली होती. त्यावर आनंद एवढंच म्हणाला की मी पटावरची पोझिशन खेळलो, बाकीच्यांकडूनही तीच अपेक्षा होती. दान गोळा करायच्या हलक्याफुलक्या डावातसुद्धा हे होतं तर आपल्या रात्रीच्या डावांत होत नसेल का, होतंच. पण त्यासाठी रिपोर्टचं बटण आहे. ते दाबायचं, गप्प बसायचं आणि पुढचा डाव लावायचा. नंतर तो माणूस खरंच पकडला गेला तर चेस डॉट कॉम काय किंवा लिचेस काय, या खेळायच्या साइट तुझे गेलेले रेटिंगचे पॉइंट तुला परत देतात. म्हणजे गप्प बसून तुझं काही जात नाही, आणि चार लोकांत बोलून समोरच्याचं फार जातं. डॅनियल नारोडित्स्की नावाचा अमेरिकन ग्रँडमास्टर होता, ऑनलाइन शिकवायचा, जगभरातल्या आपल्यासारख्या साध्या खेळाडूंचा लाडका. त्याच्यावर एका माजी वर्ल्ड चॅम्पियनने वर्षभर जाहीर संशय घेतला, सिद्ध काहीच झालं नाही, तो शेवटपर्यंत सांगत राहिला की मी असं काही केलेलं नाही आणि या आरोपांचा मला त्रास होतोय. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो २९ व्या वर्षी गेला. कशामुळे गेला याचा संबंध मी लावत नाही, तो मला लावता येणार नाही, पण शेवटच्या दिवसांपर्यंत त्याच्या डोक्यावर ते ओझं होतं हे त्याने स्वतः सांगितलंय. काकांनी ग्रुप सोडला ना, त्या रात्री त्यांच्या घरात काय बोलणं झालं असेल याचा जरा विचार कर. त्यांनी सुनेला काय सांगितलं असेल, नातवंडांना काय सांगितलं असेल, ज्यांना इंजिन म्हणजे काय हे त्यांच्यापेक्षा जास्त कळतं.

म्हणून पहिलं काम, हे वाचून झालं की शर्ट बदल आणि बी विंगला जा. फोन नको, मेसेज नको. दारात उभं राहूनच सांग, आत बोलावतील तेव्हा बोलू म्हणून थांबू नकोस, कारण एकदा चहा आला की विषय निघत नाही आणि तू चहा पिऊन तसाच परत येशील. काका, मी तुमच्यावर खोटा आरोप केला, ती मात जुनी आहे आणि मला माहीत नव्हती, मी हरलो ते सहन झालं नाही, माफ करा. एवढंच. गैरसमज झाला असं म्हणू नकोस, तुला गैरसमज झाला नव्हता, राग आला होता. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर, हेही नको, वाटलंच आहे. मग त्याच दिवशी ग्रुपवरही लिही, कारण आरोप चारचौघांत केलास तर माफीपण चारचौघांतच मागायला पाहिजे, कानात नाही. दोन ओळी पुरेत, की गणपतीतल्या डावाबद्दल मी काकांना इंजिन लावतात म्हणालो ते खोटं होतं, डाव तपासला, चूक माझी, त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली आहे. खाली हसरे चेहरे, हात जोडलेले चेहरे काही टाकू नकोस. ॲडमिनला सांग की काकांना परत घ्या, पण काकांना विचारून, त्यांना यायचं नसेल तर तो त्यांचा हक्क आहे. आणि कदाचित ते तुझ्याशी नीट बोलणारही नाहीत, त्याचीही तयारी ठेवून जा.

आता घड्याळाचं. तुझ्याबरोबर झालं ते वाईटच झालं, त्याला दुसरा शब्द नाही, आमच्या लहानपणी त्याला रडीचा डाव म्हणायचे आणि असल्या पोराला दुसऱ्या दिवशी खेळायला घेत नसत. मात दिसत असताना सहा मिनिटं फोन टाकून द्यायचा आणि समोरचा कंटाळून उठेल याची वाट बघायची, हा विचार करायला घेतलेला वेळ नाही, ही दुसऱ्याच्या आयुष्यातली सहा मिनिटं ढापणं आहे. नियमात घड्याळातला वेळ तुझा आहे हे खरं, पण तो विचार करायला दिलाय, समोरच्याला छळायला नाही. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांत स्पष्ट आहे की प्रतिस्पर्ध्याला कुठल्याही प्रकारे विचलित करायचं नाही, त्रास द्यायचा नाही, अगदी सारखं सारखं ड्रॉ मागत राहणंही त्यात येतं.

पण मला तुला विचारायचंय की सूड कोणावर घेतलास? तो एक माणूस, त्याचं नाव तरी आठवतंय का तुला? तो त्या रात्री जिंकून झोपला असेल. त्यानंतर तीन महिने तू जे फोन उपडे ठेवलेस ते दुसऱ्यांचे डाव होते. रोजचे चार-पाच डाव धरले तर त्यातले निम्मे तरी हरत असशील, त्यातल्या थोड्यांना जरी असं केलं असशील तरी किती माणसं झाली बघ. कोणी रात्रपाळीच्या आधी एक डाव टाकत असेल, कोणी बाळ झोपलं म्हणून कितीतरी दिवसांनी बसली असेल, कोणी तुझ्या भाचीएवढं असेल आणि आयुष्यात पहिल्यांदा हत्तीने मात करायला आलेलं असेल. त्यांनी तुझं काय घोडं मारलं होतं? समोर फक्त एक नाव आणि एक झेंडा दिसतो, माणूस दिसत नाही, तिथेच सगळं बिघडतं. हॉलमध्ये तू असं करूच शकला नसतास. समोर माणूस बसलेला असतो, त्याचा श्वास ऐकू येतो, बाजूच्या टेबलावरचे बघत असतात, आर्बिटर, म्हणजे पंच, फिरत असतो.

मी उन्हाळ्यात मुलांच्या स्पर्धेत मदतीला जाते, खुर्च्या लावणं, स्कोअरशीट वाटणं, असली कामं. एक मुलगा होता आठ वर्षांचा, बरोबर जिंकत आणलेला डाव एका चालीत घालवून बसला. त्याचे डोळे भरले, एक थेंब स्कोअरशीटवर पडला, पेनची शाई पसरली. मी पुढे झाले पण तेवढ्यात त्याने शर्टाच्या बाहीला डोळे पुसले, घड्याळ थांबवलं, हात पुढे केला, सही केली, आणि मग एकेक मोहरा उचलून पुन्हा जागेवर लावला, आधी प्यादी, मग हत्ती, शेवटी राजा. मग तो पळत बाहेर आईकडे गेला आणि मोठ्याने रडला. त्याला कोणी रडू नको म्हटलं नव्हतं, फक्त डाव आधी नीट संपवायचा एवढं शिकवलं होतं. गुकेशला बघितलंयस ना, डिसेंबर २०२४ ला सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून वर्ल्ड चॅम्पियन झाला, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हा पटावर मोहरे परत लावत बसलाय. जिंकला तरी तेच, हरला तरी तेच.

तुला राग येतो हे मी समजू शकते, राग कोणाला येत नाही. जून २०२५ मध्ये नॉर्वे चेसला कार्लसन गुकेशकडून हरला, जिंकत आलेला डाव, आणि त्याने टेबलावर अशी मूठ आपटली की मोहरे उडाले. जगातला सगळ्यात भारी खेळाडू, हजारो डाव खेळलेला. पण लगेच त्याने गुकेशला सॉरी म्हटलं, हात मिळवला, आणि जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारून गेला. मूठ आपटणं चूकच, पण पुढच्या अर्ध्या मिनिटात तो सावरला. तुझ्याकडेपण ते अर्धं मिनिट आहे, तू ते फोन उपडा ठेवण्यात घालवतोयस.

आणि याच कार्लसनचं आणखी एक सांगते, ते तर आपल्याच विषयातलं आहे. २०२० मध्ये सगळं ऑनलाइन चालू होतं तेव्हा चेसेबल मास्टर्स या ऑनलाइन स्पर्धेच्या सेमीफायनलला तो डिंग लिरेनशी खेळत होता. डिंग चीनमध्ये, त्याचं नेट गेलं आणि डाव हातातून गेला. नियमाने पॉइंट कार्लसनचा. पुढच्या डावात कार्लसनने सुरुवातीलाच आपला वजीर सरळ मारात नेऊन ठेवला आणि डाव सोडून दिला. म्हणजे फिटंफाट. तिथे बक्षिसाचे पैसे होते, नाव होतं, आणि नियम त्याच्या बाजूने होता. तू मला विचारतोस ना की एकट्याने सरळ खेळून काय उपयोग, तर डिंगला विचार काय उपयोग झाला.

नेटवरून आठवलं, घड्याळ चालू आहे आणि चाल येत नाहीये म्हणजे दर वेळी समोरचा बदमाशच असतो असं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑनलाइन ऑलिंपियाडच्या फायनलला भारत विरुद्ध रशिया, आपला कॅप्टन नाशिकचा विदित गुजराथी, आणि टीममध्ये नागपूरची दिव्या देशमुख, तेव्हा चौदा वर्षांची. दिव्या चांगल्या पोझिशनमध्ये होती, तिचं आणि निहाल सरीनचं कनेक्शन तुटलं, घड्याळ पळत राहिलं, दोघं टाइमवर हरले. मोठ्या प्रमाणावर नेटच बंद पडलं होतं म्हणून फिडेने शेवटी दोन्ही देशांना सुवर्ण दिलं. त्या वेळी पलीकडच्या खेळाडूला काय दिसत असेल, की ही मुलगी खेळत नाहीये, बसून राहिलीये. तीच दिव्या २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून विमेन्स वर्ल्ड कप जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. तेव्हा चॅटमध्ये शिवी टाइप करायच्या आधी एवढं मनात आण की पलीकडे लाइट गेली असेल, बस बोगद्यात शिरली असेल, दारात कोणी आलं असेल. तुला कळायला मार्ग नाही. न कळता शिवी देऊ नये.

आता रोजच्या डावांचं. पहिली गोष्ट, चॅट बंद करून टाक, सेटिंगमध्ये असतं, दहा सेकंदांचं काम. मी ते कधीचं केलंय आणि माझं काहीएक अडलं नाही. दुसरं म्हणजे दहा मिनिटं सपाट खेळण्यापेक्षा इन्क्रिमेंटवाला टाइम घे, पाच मिनिटं आणि चालीला पाच सेकंद असा, म्हणजे समोरचा बसून राहिलाच तर वाट कमी बघावी लागेल, आणि चालीगणिक सेकंद वाढतात त्यामुळे जिंकलेला डाव शेवटी धावपळीत टाइमवर जात नाही. तरीही कोणी घड्याळ सोडून बसलाच तर फोन टेबलावर समोर ठेव, उठू नकोस, आईला सांग दोन मिनिटं, आणि डाव संपला की रिपोर्ट, ब्लॉक, विषय बंद. लिचेसवर समोरचा डाव सोडून निघूनच गेला असेल तर थोड्या वेळाने जिंकल्याचा दावा करायचं बटण येतं, तेपण वापर. आणि लागोपाठ दोन डाव हरलास की त्या रात्रीपुरतं बंद. हे मी सगळ्यांना सांगते आणि कोणी ऐकत नाही, पण तिसरा डाव आपण खेळत नसतो, आपला राग खेळत असतो.

हरायला आलं की दोनच सरळ रस्ते आहेत, खेळत राहा नाहीतर डाव सोड. दोन्ही चांगले. इथे मला एक सांगायचंय कारण पुष्कळ लोक उलटं समजतात, समोरच्याने डाव सोडला नाही म्हणजे तो उद्धट असं अजिबात नाही. तुझ्या-माझ्या रेटिंगला वजीर गेला तरी डाव संपत नाही, तुझी दोन स्टेलमेट हाच पुरावा आहे, त्या दोघांनी डाव सोडला असता तर त्यांना अर्धा पॉइंट मिळाला असता का? त्यांनी बरोबर केलं. तसंच समोरच्याचा टाइम संपत आलाय म्हणून तू भराभर खेळून त्याला टाइमवर हरवलंस तर त्यात गैर काही नाही, घड्याळ हा खेळाचाच भाग आहे, दोघांनाही सारखंच दिलंय. रीमॅच नाही दिली, चाल परत घेऊ दिली नाही, डाव झाल्यावर काही बोलला नाही, यातल्या कशावर चिडू नकोस. त्याला झोपायचं असेल. हां, बोट चुकून भलत्याच घरावर पडलंय हे स्वच्छ दिसत असेल आणि डाव रेटिंगचा नसेल तर चाल परत दे, मी देते, मला असा मिळालेला वजीर गोड लागत नाही, पण हा ज्याचा त्याचा प्रश्न.

चार वजीर मात्र बंद. मात दिसली की मात करायची. तिथे समोरचा हरलेला माणूस बसलाय, त्याला सोडव. मला वाटतं तू मुद्दाम छळतोस त्यात थोडा भाग असाही आहे की तुला एका हत्तीने मात करायचा भरवसा वाटत नाही, म्हणून वजिरांवर वजीर. राजा आणि एक हत्ती विरुद्ध नुसता राजा, ही मात घोटून घे, समोरच्या राजाला एकेक ओळ मागे रेटत कडेला न्यायचं, आपला राजा त्याच्या समोर आणायचा आणि हत्तीने शह. एक आठवडा कॉम्प्युटरशी रोज पाच वेळा कर. एकदा हाताला बसलं की तू स्वतःहूनच पटकन संपवशील, कारण मात नीट केली की तिची मजाच वेगळी असते.

राहिली भाची. तिला रागावू नकोस, तिने काही वेगळं केलं नाही, मामा करतो ते केलं. तिला जवळ बसवून सांग की मी तीन महिने चुकीचं वागत होतो, तू बघितलंस, ते बरोबर नव्हतं, मी आजपासून बंद केलंय. मुलांना मोठी माणसं चूक कबूल करताना फार कमी दिसतात आणि जेव्हा दिसतात तेव्हा ती ते विसरत नाहीत, मी हे माझ्या बाबांकडून शिकले. मी नऊ वर्षांची असताना हरतेय म्हणून पट उधळला होता, बाबा काही बोलले नाहीत, खाली वाकून सोंगट्या गोळा करायला लागले, एक घोडा कपाटाखाली गेलेला, तो काढायला ते फरशीवर आडवे झाले. मग म्हणाले, काल मीपण ऑफिसातून येऊन तुझ्यावर उगाच ओरडलो होतो, ते चुकलं माझं, आता तू काढ दुसरा घोडा. तो घोडा अजून आहे, एक कान तुटलेला, परवा काकांचा डाव लावला तेव्हा डी-५ वर तोच होता.

तिला काही दिवस फोनवर एकटं खेळू देऊ नकोस. पट आण, साधा दोनशे-तीनशेचा गुंडाळायचा मिळतो तो चालेल, आणि समोर बसून खेळा, सुरुवातीला हात मिळवायचा, शेवटी हात मिळवायचा, हरणाऱ्याने सोंगट्या लावायच्या आणि जिंकणाऱ्याने मदत करायची. मुद्दाम हरू नकोस तिच्याशी, तिला ते कळतं. मग फोनवर खेळताना तिच्या शेजारी बस, आणि हरायला आली की विचार, खेळायचं की सोडायचं, तिला बटण स्वतः दाबू दे. पहिल्या वेळी ती रडेल बहुतेक. रडू दे.

आणि काकांनी तुला माफ केलं, घरात घेतलं, तर पुढच्या रविवारी तिला घेऊन जा त्यांच्याकडे, पट तूच ने. तिला काळी दे आणि काकांना सांग ती वजिराची गंमत हिला दाखवा. ती वजीर मारेल, तूही मारलास, मग काका उंट उचलतील तेव्हा तिचं तोंड बघ. तू गप्प बस शेजारी, उत्तर सांगू नकोस.